कागद वजा जाता : ई-पुस्तकाच्या किमतीचा इतिहास

ई-पुस्तकाची किंमत किती असावी, हा प्रश्न निघाला की बहुतेक वाचक मनातल्या मनात एक वजाबाकी मांडतात. छापील पुस्तकाच्या किमतीतून कागद, शाई, छपाई, बांधणी, गोदाम आणि वाहतूक एवढे वजा करावे. जे उरेल ती ई-पुस्तकाची रास्त किंमत. ही वजाबाकी करून बसलेल्या वाचकाला मग एखादे ई-पुस्तक छापील प्रतीच्या बरोबरीने, क्वचित तिच्याहूनही महाग विकले जात असल्याचे दिसते आणि आपण नाडले जात आहोत असे त्याला वाटते. हा राग समजण्यासारखा आहे. परंतु तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते तपासून पाहिले पाहिजे. पुस्तकाची किंमत म्हणजे मुख्यतः कागदाची किंमत, हे ते गृहीतक होय.

ग्रंथव्यवहाराचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहता आम्हांस निराळे चित्र दिसते. पुस्तकांच्या किमती ज्या ज्या वेळी एकाएकी उतरल्या किंवा एका जागी थिजून राहिल्या, त्या त्या वेळी कारण कागदात क्वचितच सापडते. ते सापडते हक्कांत. पुस्तकाची किंमत ठरवण्याचा अधिकार प्रकाशकाचा, दुकानदाराचा, वाचनालयाचा, की ज्याने प्रत विकत घेतली त्या वाचकाचा, हा या व्यवहारातला जुना झगडा आहे. ई-पुस्तकाने तो निर्माण केला नाही. ई-पुस्तकामुळे त्याचा निकाल मात्र एका बाजूला झुकला, आणि आजच्या किमतींचे कोडे त्या निकालात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हा निकाल कसा झाला ते सांगण्याचा प्रयत्न करणार आहोत. गोष्ट प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेतील आहे, कारण झगडा तेथे झाला; पण त्याची फळे मराठी वाचकाच्याही पदरात पडली आहेत.

प्रथम वजाबाकीच करून पाहू. २०१० साली न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकी प्रकाशनव्यवसायाचा एक ढोबळ हिशेब छापला होता. पक्क्या बांधणीच्या पुस्तकाची छापील किंमत २६ डॉलर धरली, तर विक्रेता प्रकाशकाला त्यातील निम्मे, म्हणजे १३ डॉलर देतो. या तेरा डॉलरांतून छपाई, साठवण आणि वाहतूक (न खपता परत येणाऱ्या प्रतींसह) यांवर सुमारे ३.२५ डॉलर जातात. मुखपृष्ठ, अक्षरजुळणी आणि संपादकीय संस्कार यांवर ८० सेंट, जाहिरातीवर सुमारे एक डॉलर, लेखकाचे मानधन पंधरा टक्क्यांप्रमाणे ३.९० डॉलर. प्रकाशकाकडे ४.०५ डॉलर उरतात, आणि त्यातून त्याला कचेरी, पगार व बुडीत खात्यातली पुस्तके भागवायची असतात. म्हणजे वाचक ज्याला ‘कागद’ म्हणतो ते सगळे मिळून छापील किमतीच्या आठव्या हिश्श्याएवढे भरते. ते वजा केले तर २६ डॉलरांचे पुस्तक पावणेतेवीस डॉलरांना पडावे. प्रत्यक्षात तेच पुस्तक ई-रूपात १२.९९ डॉलरांना विकले जात होते. त्यातून विक्रेत्याचे तीस टक्के वजा जाता प्रकाशकाला ९.०९ डॉलर मिळत आणि लेखकाला, पंचवीस टक्क्यांच्या प्रघाताप्रमाणे, २.२७ डॉलर. छापील प्रतीमागे ३.९० मिळवणारा लेखक ई-प्रतीमागे त्याहून पुष्कळ कमी मिळवीत होता. कागद वाचला म्हणून लेखकाच्या वाट्याला काही आले नव्हते. किंमत निम्म्यावर आली ती कागद गेल्यामुळे नव्हे. मग ती कशामुळे आली आणि नंतर पुन्हा का चढली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे प्रकाशक असे मानीत की लेखकाकडून एकदा हक्क घेतला की तो आपल्याकडे कायमचा राहतो. एडिंबरोच्या अलेक्झांडर डोनाल्डसनने लंडनात दुकान थाटले आणि जुन्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या विकायला आरंभ केला. जेम्स टॉमसन या कवीच्या ‘द सीझन्स’ या काव्यावरून खटला झाला आणि १७७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने कायमचा हक्क अमान्य केला. कायद्याने दिलेली मुदत संपली की पुस्तक कोणीही छापावे, असा त्याचा अर्थ. पुढे थोड्याच वर्षांत जॉन बेलसारख्या प्रकाशकांनी इंग्रजी कवींच्या शंभरावर खंडांची लहान आकाराची मालिका काढली. या काळात कागद स्वस्त झाला नव्हता. छपाई जुन्याच हातयंत्रावर होत होती. बदलला होता तो हक्क.

याच्या उलट उदाहरण एकोणिसाव्या शतकाचे आहे. या शतकात कागद यंत्रावर तयार होऊ लागला, छपाई वाफेवर गेली आणि १८६१ साली इंग्लंडात कागदावरील कर उठला. एवढे होऊनही नवी कादंबरी तीन खंडांत साडेएकतीस शिलिंगांनाच विकली जात राहिली. वॉल्टर स्कॉटच्या ‘केनिलवर्थ’ने १८२१ साली घालून दिलेली ही किंमत जवळजवळ पाऊण शतक ढळली नाही. सामान्य मध्यमवर्गीय वाचकाला ती परवडणारी नव्हती, आणि ती त्याने देणे अपेक्षितही नव्हते. चार्ल्स एडवर्ड म्यूडीच्या फिरत्या वाचनालयाची वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग होती. त्या वर्गणीत एका वेळी एक खंड घरी नेता येई. एका कादंबरीच्या किमतीपेक्षा कमी पैशांत वर्षभराचे वाचन! म्यूडी स्वतः छापील किंमत मोजत नसे. त्याला भरघोस सवलत मिळे. कादंबरीचे तीन खंड पाडण्यातही त्याचा लाभ होता, कारण एकच कादंबरी एका वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरे. साडेएकतीस शिलिंग ही किंमत वाचकाने पुस्तक विकत न घेता भाड्याने वाचावे यासाठीच जणू टिकवून धरलेली होती. १८९४ साली म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी यापुढे एका खंडाला चार शिलिंगांहून अधिक देणार नाही असे जाहीर केले आणि तीन खंडांची कादंबरी दोन-चार वर्षांत नाहीशी झाली. तिच्या जागी सहा शिलिंगांची एकखंडी कादंबरी आली. कागदाने तीन पिढ्यांत जे केले नाही ते दोन ग्राहकांच्या एका निर्णयाने केले.

त्याच सुमारास तिसरा पक्ष बलवान होत होता, तो म्हणजे सवलत देणारा दुकानदार. लंडनचे पुस्तकविक्रेते शिलिंगमागे दोन-तीन पेनी सोडून विकत आणि या चढाओढीत लहान दुकाने मरत. फ्रेडरिक मॅकमिलनने यावर उपाय म्हणून १८९० साली ॲल्फ्रेड मार्शलचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ हा ग्रंथ साडेबारा शिलिंग ‘नेट’ किमतीला काढला. अट अशी की कोणत्याही दुकानदाराने याहून कमी किमतीला तो विकू नये. विकणाऱ्याला सवलतीच्या दराने माल मिळणार नाही. बाजारभाव मागणी-पुरवठ्याने कसे ठरतात हे सांगणारा ग्रंथच स्थिर किमतीच्या प्रयोगासाठी निवडला गेला, हा योगायोग मौजेचा आहे. १९०० सालापासून ही रीत सबंध ब्रिटिश ग्रंथव्यवहाराने ‘नेट बुक करार’ म्हणून स्वीकारली आणि ती १९९५ पर्यंत चालली. करार असला म्हणून स्वस्ताई अशक्य झाली असे नाही. ॲलन लेनने १९३५ साली पेंग्विनची दहा पुस्तके प्रत्येकी सहा पेन्सला आणली, तीही करार पाळून. सिगारेटच्या पाकिटाइतकी ही किंमत होती, आणि नव्या कादंबरीला त्या वेळी साडेसात शिलिंग पडत. मुखपृष्ठ पातळ केल्याने काही पेनी वाचल्या असतील. पण हे गणित सुटले ते आवृत्ती मोठी काढल्याने, आणि वूलवर्थ या दुकानमालिकेने त्रेसष्ट हजार पाचशे प्रतींची मागणी नोंदवल्याने.

या पेंग्विनांविषयी जॉर्ज ऑर्वेलने १९३६ साली लिहिलेले परीक्षण पुढे आपल्या गोष्टीत परत येणार आहे, म्हणून त्याचा सारांश येथे देतो. वाचक म्हणून आपल्याला सहा पेन्सची पुस्तके फार आवडतात, असे तो म्हणतो. आणि लगेच लेखकाच्या बाजूने विचार करताना सांगतो की स्वस्त पुस्तकांमुळे लोक पुस्तकांवर अधिक खर्च करतील हा भ्रम आहे. वाचलेले पैसे ते सिनेमाला घालवतील, आणि लेखक, जुळारी, दुकानदार या सगळ्यांचे नुकसान होईल. इतर प्रकाशकांना अक्कल असती तर त्यांनी एकजूट करून ही पुस्तके दाबली असती, असे त्याने अर्ध्या विनोदाने सुचवले होते.

अमेरिकेत मात्र प्रकाशकांचा किमतीवरील ताबा विसाव्या शतकाच्या आरंभीच सुटला. बॉब्स-मेरिल कंपनीने १९०४ साली ‘द कॅस्टअवे’ ही कादंबरी काढली आणि तिच्या आतच छापले की हिची किंमत एक डॉलर असून याहून कमी किमतीला विकण्याची परवानगी कोणाही विक्रेत्यास नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटांना विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ साली निकाल लागला. लेखनाधिकार प्रत काढण्यापुरता आणि ती प्रथम विकण्यापुरता आहे. एकदा प्रत विकली की ती घेणाऱ्याच्या मालकीची झाली, त्याने ती कितीला विकावी हे प्रकाशक सांगू शकत नाही, असा तो निकाल होता. ‘प्रथम विक्री’चे तत्त्व म्हणतात ते हेच. जुन्या पुस्तकांची दुकाने, वाचनालये, मित्राला पुस्तक देणे, रद्दीवाल्याला घालणे हे सारे या तत्त्वाच्या छायेत चालते. अकरा सेंटांच्या सवलतीवरून सुरू झालेल्या भांडणातून वाचकाचा मालकीहक्क लिखित स्वरूपात निघाला, हे विसरता कामा नये. सवलत आणि मालकी ही एकाच नाण्याची अंगे आहेत; पुढे दोन्ही एकदमच गेली.

आता ई-पुस्तकाकडे वळू. ॲमेझॉनने १९ नोव्हेंबर २००७ रोजी किंडल हे वाचनयंत्र ३९९ डॉलरांना बाजारात आणले आणि त्याबरोबर नव्या, गाजत्या पुस्तकांची किंमत ९.९९ डॉलर जाहीर केली. त्या वेळी ई-पुस्तके छापील पुस्तकांप्रमाणेच घाऊक पद्धतीने विकली जात. प्रकाशक छापील किमतीच्या सुमारे निम्मे घेई आणि पुढे विक्रेत्याने कितीला विकावे हा विक्रेत्याचा प्रश्न असे. सव्वीस डॉलरांच्या पुस्तकामागे ॲमेझॉन तेरा डॉलर मोजून ते दहाला विकत होती. वरच्या हिशेबातील निम्म्या किमतीचे रहस्य हे असे आहे. फरक कागदाचा नव्हता. तो ॲमेझॉन स्वतःच्या खिशातून, बाजार काबीज करण्यासाठी, भरीत होती. आणि बाजार काबीज झालाही. २००९ च्या अखेरीस अमेरिकेतील ई-पुस्तकांच्या विक्रीपैकी सुमारे ९० टक्के विक्री तिच्याकडे होती.

प्रकाशकांना यात प्रत्येक प्रतीमागे पूर्ण पैसे मिळत होते, तरीही ते अस्वस्थ होते. नवे पुस्तक दहा डॉलरांचे, हे एकदा वाचकाच्या मनात रुजले की सव्वीस डॉलरांची पक्की बांधणी कोण घेणार? ती खपली नाही तर दुकाने कशी जगणार? आणि दुकाने गेल्यावर एकट्या उरलेल्या विक्रेत्याने तेरा डॉलर देण्यास नकार दिला तर? या भीतीवर उतारा घेऊन आली ती ॲपल. तिने सुचवलेली पद्धत आपल्याकडच्या अडत्याला चटकन समजेल. माल शेतकऱ्याचाच राहतो, अडत्या तो विकून देतो आणि ठरावीक टक्के अडत कापून घेतो. तसेच येथे प्रकाशक हा विक्रीचा मालक, दुकान हे केवळ अडत्या, आणि अडत तीस टक्के. फरक एवढाच की बाजार समितीत भाव लिलावात निघतो. येथे तो प्रकाशक ठरवणार होता. गाजत्या पुस्तकांसाठी १२.९९ आणि १४.९९ डॉलर हे दर ठरले. शिवाय इतर कोणी कमी किमतीला विकले तर ॲपललाही ती किंमत मिळावी, अशी अट होती.

२७ जानेवारी २०१० रोजी आयपॅड जाहीर झाला. दुसऱ्याच दिवशी मॅकमिलनचे प्रमुख जॉन सार्जंट सिएटलला जाऊन ॲमेझॉनला अडत पद्धत स्वीकारण्यास सांगून आले. २९ जानेवारीस मॅकमिलनच्या पुस्तकांपुढील ‘विकत घ्या’ हे बटण ॲमेझॉनवरून नाहीसे झाले, ई-पुस्तकांचेच नव्हे तर छापील पुस्तकांचेसुद्धा. दोन दिवसांनी ॲमेझॉनने जाहीर निवेदन करून माघार घेतली. आपल्याला किंमत पटत नाही, परंतु मॅकमिलनच्या पुस्तकांवर मॅकमिलनचीच मक्तेदारी असल्याने नमते घ्यावे लागत आहे, असा त्याचा आशय होता. एकशेवीस वर्षांपूर्वी ‘नेट’ किंमत सुरू करणाऱ्याचेच नाव धारण करणारी ही संस्था आता होल्ट्झब्रिंक या जर्मन समूहाच्या मालकीची होती, आणि जर्मनीत तर पुस्तकाची स्थिर किंमत हा कायदाच आहे.

या तहाचा हिशेब मुद्दाम पाहण्याजोगा आहे. आधी वाचक ९.९९ देई, प्रकाशकाला १३ मिळत आणि ॲमेझॉनचे तीन डॉलर बुडत. तहानंतर वाचक १२.९९ देऊ लागला, प्रकाशकाला ९.०९ मिळू लागले आणि ॲमेझॉनला ३.९० सुटू लागले. म्हणजे प्रकाशकांनी भांडून, बहिष्कार सोसून प्रतीमागे सुमारे चार डॉलरांचा तोटा पत्करला. एवढे मोजून त्यांनी काय विकत घेतले? किंमत ठरवण्याचा हक्क. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयात जो गमावला होता, तो त्यांनी प्रतीच्या विक्रीऐवजी अडतीचा करार करून परत मिळवला. ई-पुस्तक दुकानदाराला कधी ‘विकले’ जातच नाही. मग प्रथम विक्रीचे तत्त्व लागू होणार कोठून?

पुढील घटना थोडक्यात सांगता येतील. हॅशेट, हार्परकॉलिन्स, मॅकमिलन, पेंग्विन आणि सायमन अँड शुस्टर या पाच प्रकाशकांनी ॲपलशी मिळून संगनमताने किमती वाढवल्या, असा खटला अमेरिकी न्यायखात्याने ११ एप्रिल २०१२ रोजी दाखल केला. प्रकाशकांनी एकामागून एक तडजोड केली. ॲपल लढली आणि जुलै २०१३ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांच्यापुढे हरली. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिल्यावर तिला ग्राहकांसाठी ४० कोटी डॉलर भरावे लागले. मात्र न्यायालयाने दोषी ठरवले ते एकत्र येऊन कट करणे; अडत पद्धत मुळात बेकायदा ठरली नाही. तडजोडींची मुदत संपताच २०१४-१५ मध्ये मोठ्या प्रकाशकांनी ॲमेझॉनशी स्वतंत्रपणे करार केले आणि किंमत पुन्हा प्रकाशकांच्या हाती गेली.

त्याआधी २०१४ च्या उन्हाळ्यात हॅशेट आणि ॲमेझॉन यांच्यात जे महिनोन्महिने भांडण चालले, त्यात ॲमेझॉनने आपला युक्तिवाद आकड्यांत मांडला. १४.९९ डॉलरांना जेथे एक लाख ई-प्रती खपतात, तेथे ९.९९ डॉलरांना एक लाख चौऱ्याहत्तर हजार खपतात. वाचकाचे पैसे वाचतात आणि एकूण उत्पन्नही सोळा टक्क्यांनी वाढते, असा तो दावा. दावा वजनदार होता. पण त्याला उत्तर ऑर्वेलने १९३६ सालीच देऊन ठेवले होते : एका पुस्तकाचा खप वाढला म्हणजे वाचनावरचा एकूण खर्च वाढला असे सिद्ध होत नाही. गंमत अशी की ॲमेझॉनने ऑर्वेललाच साक्षीला बोलावले, आणि तेही स्वस्त पुस्तके दाबून टाकण्याची खरोखरच मसलत देणारा म्हणून. सहा पेन्सच्या पुस्तकांवरचे त्याचे प्रेम त्या निवेदनात गाळले गेले होते.

आता आरंभीच्या कोड्याकडे येऊ. ई-पुस्तक कधीकधी पेपरबॅकहून महाग का दिसते? कारण दोहोंची किंमत दोन वेगळे पक्ष ठरवतात. छापील प्रत दुकानाने विकत घेतलेली असते. १९०८ च्या न्यायाने ती ३० टक्के, ४० टक्के सवलतीत विकायला दुकान मोकळे आहे. मोठ्या प्रकाशकांच्या ई-पुस्तकाला दुकान हात लावू शकत नाही. एकीकडे सवलतीची चढाओढ, दुसरीकडे गोठलेली किंमत. अशा वेळी कागद असलेले पुस्तक कागद नसलेल्या पुस्तकाच्या खाली उतरले, तर त्यात चमत्कार काहीच नाही. २०१५ साली मोठ्या अमेरिकी प्रकाशकांच्या ई-पुस्तकांची विक्री घटली, त्यामागे या किमतीही होत्या.

येथपर्यंत आम्ही किमतीविषयी बोललो. परंतु किंमत कशाची, हा प्रश्न अद्याप राहिला आहे, आणि आमच्या मते खरा मुद्दा तोच आहे. जुलै २००९ मध्ये किंडलवरील काही वाचकांना असे आढळले की त्यांनी ९९ सेंटांना घेतलेली ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही ऑर्वेलची पुस्तके त्यांच्या यंत्रातून आपोआप नाहीशी झाली आहेत. ज्या विक्रेत्याने ती चढवली होती त्याच्याकडे अमेरिकेतील हक्क नव्हते, म्हणून ॲमेझॉनने ती दुरून पुसली आणि पैसे परत केले. जेफ बेझोस यांनी पुढे जाहीर माफी मागितली. चूक मान्य झाली, पण सामर्थ्य सिद्ध झाले. हक्कभंगाची छापील प्रत सापडली म्हणून कोणताही दुकानदार रात्री ग्राहकाच्या घरात शिरून ती उचलून नेऊ शकत नाही.

न्यायालयांनीही नंतर हेच रेखाटले. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट या डच कंपनीच्या खटल्यात, वापरलेले ई-पुस्तक हक्कधारकाच्या परवानगीवाचून पुन्हा विकता येणार नाही असा निर्णय दिला. वाचनालयांची गत अशीच आहे. हार्परकॉलिन्सने २०११ साली नियम केला की वाचनालयाने घेतलेले ई-पुस्तक सव्वीस वेळा दिले गेले की त्याचा परवाना संपेल; पुन्हा हवे तर पुन्हा पैसे भरावे. सव्वीस वेळांत छापील प्रत झिजते, हे समर्थन होते. आपल्या गावच्या वाचनालयात नव्या पुठ्ठ्यात बांधलेली, पानांना चिकटपट्ट्या लावलेली आणि अजून फिरणारी कादंबरी ज्याने हाताळली आहे, त्याला हे समर्थन पटणे कठीण.

या बाबतीत करखात्याची भाषा प्रकाशक-विक्रेत्यांच्या भाषेपेक्षा प्रामाणिक वाटते. युरोपीय न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांना ई-पुस्तकांवर छापील पुस्तकांसारखा सवलतीचा कर लावण्यास मनाई केली, कारण ई-पुस्तक ही वस्तू नसून सेवा आहे. २०१८ साली नियम बदलल्यावर ही आडकाठी दूर झाली. ब्रिटनने १ मे २०२० पासून ई-पुस्तकांवरील २० टक्के कर शून्यावर आणला. आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा छापील पुस्तक करमुक्त राहिले आणि ई-पुस्तकावर १८ टक्के कर बसला. २७ जुलै २०१८ पासून, ज्यांची छापील आवृत्तीही आहे अशा ई-पुस्तकांवर तो ५ टक्के झाला. म्हणजे ज्याला छापील देह आहे त्याच ग्रंथाच्या ई-रूपाला पुस्तकाची अर्धीमुर्धी मान्यता मिळाली. विक्रेता ‘विकत घ्या’ म्हणतो तेव्हा करखाते ‘सेवा घेतली’ असे लिहून ठेवते. दोघांपैकी कोणाचे शब्द वस्तुस्थितीला धरून आहेत, हे वाचकाने ठरवावे.

मराठीत हा विषय अजून कोवळा आहे. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली. मराठी ई-पुस्तके विकणारी आणि विनामूल्य देणारी संकेतस्थळे त्याआधीपासून होती. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींच्या आसपास रेंगाळणारी. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ हा खर्च पन्नास हजार प्रतींवर पसरला तर प्रतीमागे नगण्य होतो. हजार प्रतींवर पसरला तर जाणवतो, आणि पुस्तक पडद्यावर गेले म्हणून तो टळत नाही. उलट नकली प्रती फुकट फिरण्याची भीती प्रकाशकाच्या मनात असते. त्यामुळे ‘कागद नाही, मग निम्म्याला द्या’ ही मागणी मराठी प्रकाशकाला इंग्रजीतल्यापेक्षा जड जाते.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. मराठी वाचकाला ‘आवृत्ती संपली’ हे शब्द किती वेळा ऐकावे लागतात! ई-पुस्तकाची आवृत्ती संपत नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला अनेकदा पुस्तकाहून टपालखर्च अधिक पडतो. त्याला ई-पुस्तक छापील किमतीला मिळाले तरी ते स्वस्तच आहे. दृष्टी अधू झालेल्यांना अक्षर मोठे करून वाचता येते, याचे मोल तर पैशांत सांगता येणार नाही. तेव्हा ई-पुस्तक हे छापील पुस्तकाचे कागद काढून घेतलेले रूप नव्हे. त्यात काही अधिक आहे आणि काही फार महत्त्वाचे उणे आहे.

हे उणे काय, ते भारतीय कायद्याच्या भाषेत सांगता येते. १९५७ च्या लेखनाधिकार कायद्याचे चौदावे कलम लेखकाला प्रती लोकांत प्रसृत करण्याचा हक्क देते, पण आधीच प्रसारात असलेल्या प्रतींना त्यातून वगळते. मुंबईत फोर्टच्या पदपथावर मांडलेली जुनी पुस्तके, प्रकाशनपूर्व सवलतीत घेऊन पुढे भावाला दिलेला संच, आजोबांनी नाव घालून ठेवलेले आणि नातवापर्यंत आलेले पुस्तक, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालणारी गावोगावची वाचनालये, या सर्वांचे अस्तित्व त्या एका अपवादावर टेकलेले आहे. अगदी शेवटी छापील पुस्तकाला रद्दीचा भाव तरी येतो. परवान्यावर घेतलेल्या ई-पुस्तकाला यांपैकी काहीच लागू नाही. ते वाचता येते, देता येत नाही. वारसाला ठेवता येत नाही. विकता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की ई-पुस्तकाच्या किमतीची तुलना छापील प्रतीच्या किमतीशी करणे हेच मुळात चुकते. ती तुलना वाचनालयाच्या वर्गणीशी केली पाहिजे. म्यूडीच्या काळात वाचकाला ठाऊक होते की आपण एकवीस शिलिंग देतो ते वाचण्याचे. पुस्तक म्यूडीचे आहे. आजच्या वाचकाकडून मात्र मालकीची किंमत घेऊन वाचण्याची परवानगी दिली जाते आणि व्यवहाराला खरेदी हे नाव राहते. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून अंमलात आणलेल्या कायद्याने निदान हे नाव वापरण्यापूर्वी ग्राहकाला परवान्याची स्पष्ट कल्पना देणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले आहे.

मराठी प्रकाशकांपुढे अजून दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ई-पुस्तक कुलूपबंद परवान्यावर द्यायचे असेल तर त्याची किंमत वाचनालयाच्या वर्गणीसारखी, अगदी माफक ठेवावी. आणि छापील पुस्तकाच्या जवळपास किंमत घ्यायची असेल, तर वाचकाला ते उतरवून घेऊ द्यावे, जपून ठेवू द्यावे, वाचनालयांना कायमचे द्यावे. यांपैकी कोणतीही वाट रास्त आहे. पैसे एका वाटेचे आणि हक्क दुसऱ्या वाटेचे, हा जो प्रकार इंग्रजी ग्रंथव्यवहारात रूढ झाला आहे, तो तेवढा येथे आणू नये. वाचकानेही पुढच्या वेळी ई-पुस्तकाच्या किमतीवरून प्रकाशकाशी हुज्जत घालताना कागदाचा भाव काढू नये. आपल्याला हे पुस्तक कोणाला देता येईल का, एवढे विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले, तर घासाघीस करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.